गळक्या कौलांचा इतिहास

मृग तोंडावर आला की आपल्या निपाणी-बेळगावकडच्या बायकांचं लक्ष आधी आढ्याकडं जातं. कौलं परतून झाली का, पन्हाळ मोकळी आहे का, मागची भिंत फुगलीय का, हे आपणच बघतो. घर स्वतःचं असलं तर गडी बोलावून काम उरकतं. भाड्याचं असलं तर प्रश्न येतो, खर्च करायचा कुणी? मालक म्हणतात, "तुमच्या भाड्यात चार कौलंसुद्धा येत नाहीत." भाडेकरू म्हणतात, "घर तुमचं, आम्ही का करावं?" आपल्या समाजात वाडे भाड्यानं देणारी घरं आहेत आणि व्यापार-नोकरीपायी दोन खोल्यांत संसार काढलेलीही. म्हणून मी ही दोन्ही वाक्यं लहानपणापासून ऐकत आले. या भांडणामागं शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. मांडवीत खाली धान्याची गोदामं आणि वर भाडेकरूंच्या कोंदट खोल्या. उंदरांना याहून सोयीची जागा कोणती? साथ पुढं हुबळी, धारवाड, बेळगावपर्यंत आली. घर नीट नसलं तर माणूस मरतो, हे सरकारला तेव्हा कुठं उमगलं. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद झाले. पण घर गेलेल्यांना परवडतील अशा खोल्या तितक्या झाल्या नाहीत. पुढं १९२० च्या दशकात बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड मिळून २०७ चाळी, एकेका चाळीत ८० खोल्या, आणि एका खोलीत अख्खं कुटुंब.

त्याच सुमारास लांब स्कॉटलंडमध्ये बायकांनी भाड्याचा प्रश्न हातात घेतला होता. १९१५ साली, पुरुष लढाईवर असताना, ग्लासगोच्या मालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं. घर खाली करून घ्यायला माणसं आली की जिन्यात घंटा वाजायची, बायका हातातलं काम टाकून धावायच्या आणि त्यांच्यावर पीठ उधळायच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये भाडी गोठवणारा कायदा झाला. लढाईच्या त्याच ओढाताणीत मुंबई प्रांतातही १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला.

त्यानंतरचा मोठा कायदा १९४७ चा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता, म्हणून तो आपलाही कायदा. त्यानं भाडं साधारणपणे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. फाळणीनंतरच्या गर्दीत कित्येक कुटुंबांचं डोक्यावरचं छप्पर यामुळं टिकलं, हे विसरून चालणार नाही. याच कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर होती, आणि त्यानं टाळली तर नोटीस देऊन भाडेकरूनं ती करून घ्यावी, खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही होती.

पण झालं काय? चुना, सागवान, गवंड्याची मजुरी सगळं वाढत गेलं, भाडं तिथंच राहिलं. मालकानं हात आखडला. आणि भाडेकरूनं वळतं करायचं म्हटलं, तरी त्या भाड्यातून वळतं होणार किती? इमारत दोघांच्या मध्ये झिजत राहिली. १९६९ साली मुंबई शहरासाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि उपकर घेऊन १९ हजारांहून जास्त जुन्या इमारतींची जबाबदारी त्या मंडळावर आली. आपण १९५६ पासून म्हैसूर राज्यात गेलो होतो, आणि ते मंडळ तर फक्त मुंबईपुरतंच. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इतकी वर्षं गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आला, त्यात दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली. तोवर पुष्कळ भिंती आतून पोकळ झाल्या होत्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत पडली आणि ३३ माणसं गेली.

आपल्याकडं चार-पाच मजले नसतील, पण मातीच्या भिंती आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगीत पावसानं भिजलेलं घर कोसळून सात जण दगावले. पाऊस सातबारा बघून पडत नाही, भिंत मालकाची की भाडेकरूची हे तिला ठाऊक नसतं.

म्हणून दोन गोष्टी सांगते. भाड्यानं राहणाऱ्या बहिणींनी तोंडी तक्रारीवर थांबू नये. गळती, भेग, उघडी वायर यांची नोंद तारीख घालून लेखी द्यावी, नक्कल जपावी. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही कर्नाटकातसुद्धा लागू आहे. मालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती नोटीस देऊनही झाली नाही, तर स्वतः करून खर्च भाड्यातून कापण्याचा हक्क त्यात आहे. करार वेगळा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून करारात दुरुस्ती कुणाची हे आधीच लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट घरमालकिणींसाठी. आपण पाणी गाळून पितो, दिवेलागणीआधी जेवतो, मुंगी चिरडू नये म्हणून बघून पाऊल टाकतो. आपल्या धर्मात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितला आहे, म्हणजे बेसावधपणा. ज्या भिंतीकडं बोट दाखवून भाडेकरूच्या बाईनं दोनदा सांगितलं, ती तशीच ठेवणं हा प्रमाद नव्हे तर काय? भाडं कमी येत असेल तर बसून बोला, थोडं वाढवून मागा, खर्च वाटून घ्या. पण गवंडी पावसाआधी बोलवा.