घरचा तंटा आणि न्यायालयाची ओसरी

घरांतील तंटा चव्हाट्यावर नेऊं नये, असा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. परंतु जो तंटा घरांत मिटत नाहीं, तो न्यावा तरी कोठें? या साध्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास एक शतक लागलें.

रखमाबाईंचें नांव श्रोत्यांना परिचित असेलच. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या या मुलीनें पुढें सासरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं रखमाबाईंच्या बाजूनें निकाल दिला; अपिलांत तो फिरला; आणि नांदावयास जावें, नाहींतर सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम १८८७ सालीं झाला. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मधल्या काळांत एका स्त्रीच्या संसाराची चर्चा वर्तमानपत्रांतून यथेच्छ होऊन गेली. त्या न्यायमंदिरांत विद्वत्ता होती, ग्रंथ होते. परंतु उभयतांना समोरासमोर बसवून शांतपणें बोलतें करील अशी जागा मात्र नव्हती.

पुढें कायदे बदलले. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं हिंदूंना घटस्फोटाची मुभा मिळाली, व १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तिचा विस्तार झाला. जागा मात्र जुनीच राहिली. घटस्फोटाचा अर्ज शेताच्या बांधाच्या आणि कर्जवसुलीच्या दाव्यांशेजारीं चाले; पोटगी मागणाऱ्या स्त्रीस तर फौजदारी कचेरींत आरोपींच्या गर्दींत तिष्ठत रहावें लागे. दुर्गाबाई देशमुख यांनीं १९५३ सालीं चीनचा प्रवास करून आल्यावर स्वतंत्र कुटुंब न्यायालयांची कल्पना पंडित नेहरूंपुढें व न्यायमूर्ति छागला आणि गजेंद्रगडकर यांच्यापुढें मांडली. १९७४ सालीं विधि आयोगानें अशा दाव्यांसाठीं निराळी पद्धति सुचविली, आणि १९८४ सालीं कायदा झाला.

या कायद्याचें मर्म निकालापेक्षां समेटांत आहे. प्रथम तडजोडीचा प्रयत्न करणें हें न्यायाधिशाचें कर्तव्य ठरलें. समुपदेशकांची योजना झाली. कोणाहि एका पक्षानें इच्छा दर्शविल्यास सुनावणी बंद दालनांत घ्यावी, असें ठरलें. दहा लक्षांहून अधिक वस्तीच्या शहरांत अशीं न्यायालयें स्थापण्याचें बंधन आलें. पुणें व मुंबई येथें तीं १९८९ सालीं सुरू झालीं. वांद्र्याच्या न्यायालयांत, दुरावलेल्या आईबापांस मुलांची भेट घेतां यावी म्हणून स्वतंत्र दालनहि राखलें गेलें.

परंतु कायद्याचा पाट मांडला, तरी पंगत वाढतच गेली. २०२२ सालीं देशांत सातशेंहून अधिक कुटुंब न्यायालयें होतीं, आणि तुंबलेले दावे अकरा लक्षांच्या वर. म्हणजे एकेका न्यायालयाच्या वांट्यास सरासरी दीड हजारांहून अधिक. एका दिवसाच्या यादींत पन्नास दावे असले आणि न्यायाधीश पांच तास बसले, तर प्रत्येकास सहा मिनिटें मिळतात. दहा वर्षांच्या संसाराचा समेट सहा मिनिटांत व्हावा कसा? शिवाय नांव पुकारलें जाईपर्यंत दोन्ही घरचीं माणसें एकाच अरुंद बोळांत उभीं, मूल एकाचें बोट धरून दुसऱ्याकडे पाहणारें, आणि समुपदेशकाच्या टेबलापाशीं शेजारच्यास ऐकूं जाईल असें बोलणें. अशा ठिकाणीं मनें निवळत नाहींत. उलट जुना राग ताजा होतो. गर्दी ही केवळ गैरसोय नव्हे. कायद्याचा मूळ हेतूच ती हाणून पाडते.

म्हणून अधिक न्यायाधीश हवेत, तितकेच कायम नेमणुकीचे समुपदेशकहि हवेत. पक्षकारांस सकाळपासून ताटकळत न ठेवतां ठराविक वेळ नेमून द्यावी. बसावयास बांक, प्यावयास पाणी, तान्ह्या मुलाच्या आईस आडोसा आणि बोलण्यास दार लावतां येईल अशी खोली, या गोष्टी चैनीच्या नव्हेत. रखमाबाईंच्या काळीं कायदा अपुरा होता. आज कायदा पुष्कळ आहे. त्याला पुरेशी ओसरी बांधून देणें, एवढेंच शिल्लक आहे.