घसरत्या चाकाचा ब्रेक

परतीचा पाऊस लांबला, की वाळवा-कराड पट्ट्यातल्या काळ्या रानात वाफसा यायच्या आतच ऊसतोड सुरू होते. भरलेली ट्रॉली पाणंदीला लागायच्या आधीच ट्रॅक्टर अडतो. मागचं एक चाक चिखलात गरागरा फिरतं. दुसरं घट्ट जमिनीवर असूनही ढिम्म. जाणता ड्रायव्हर रेस वाढवत नाही. उजव्या पायाशी असलेल्या दोन ब्रेकपैकी फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक तो बेताने दाबतो. चिखल उडायचा थांबतो, पलीकडचं चाक जमीन धरतं, ट्रॅक्टर निघतो. डांबरीला लागताना मात्र दोन्ही पेडल खिटीने जोडायलाच हवेत. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो.

स्पोर्ट्स कारमधल्या ट्रॅक्शन कंट्रोलचं कूळ मला या ब्रेकपाशी दिसतं.

अडचण डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, म्हणून ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने 1820 च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ते बनवलं. पण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक मोकळं सुटलं, की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. सुटलेल्या चाकाला ब्रेकने अडवलं, तर तेवढाच जोर पलीकडे पोचतो.

मोटारीत आधी दुसरी वाट निघाली. 1971 मध्ये ब्युइकने चाक घसरताच इंजिनचा जोर तोडणारी ‘मॅक्सट्रॅक’ यंत्रणा दिली. ब्रेकची वाट मोकळी केली ती बॉशच्या 1978 च्या एबीएसने. चाकांचा वेग मोजायची आणि ब्रेक आवरायची सोय त्यात होतीच. 1980 च्या दशकातच त्यातून ट्रॅक्शन कंट्रोल आलं.

फॉर्म्युला वनने ते 1994 ला बंद केलं, 2001 ला परत येऊ दिलं, 2008 पासून पुन्हा बंद. ही बंदी मला रास्त वाटते. वळणातून बाहेर पडताना गॅस किती द्यायचा, हीच तर ड्रायव्हरची विद्या.

स्पोर्ट्स कार ट्रॅकवर नेणाऱ्या नवख्याने मात्र ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू नये, ओल्या ट्रॅकवर तर नाहीच. थोडी घसरण टायरला हवीच असते. साधारण 10 ते 15 टक्क्यांवर पकड सर्वांत चांगली. स्पोर्ट मोड तेवढी मुभा देतो. यंत्रणा प्रत्येक वळणावर ब्रेक लावू लागली तर मागचे पॅड तापतात. डॅशबोर्डवरचा दिवा सारखा लुकलुकत असेल, तर गॅस उशिरा आणि हलका द्यावा.