प्रिन्स एडवर्ड काउंटीतील शाळाबंदी (१९५९–६४)

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने (मुख्य ठाणे फार्मव्हिल) गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांना एका वर्गात बसवावे लागू नये म्हणून आपल्या सर्व सार्वजनिक शाळा पाच वर्षे बंद ठेवल्या, ती घटना.

पार्श्वभूमी : कृष्णवर्णीयांसाठीची रॉबर्ट रूसा मोटन माध्यमिक शाळा १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांच्या हिशेबाने बांधली होती, १९५० पर्यंत पटसंख्या साडेचारशेच्या घरात गेली. व्यायामशाळा नव्हती, उपाहारगृह नव्हते. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपटांत भरत. पावसात छपरे गळत. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले घामाघूम होत आणि लांबची अंगात कोट ठेवूनच धडे घेत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी मुख्याध्यापकांना खोट्या निरोपावर बाहेर धाडले, सभा भरवली आणि संप पुकारला. मागणी मुळात नव्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र वर्णविभाजनालाच आव्हान देणार असाल तर खटला घेऊ, अशी अट घातली. हा खटला पुढे, सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ (१९५४) या निकालात समाविष्ट झाला. त्यातील पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकमेव, आणि ब्राउन निकालाच्या इतिहासात याला मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी.

बंदीची आर्थिक रचना : १९५९ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी करच लावला नाही. कुलूप घालण्याचा वेगळा हुकूम काढावा लागला नाही; पैसा नाही म्हणून शाळा नाही. गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी शाळा उघडली. पहिले वर्ष ती देणग्यांवर चालली. १९६० पासून राज्याने प्रत्येक मुलामागे १२५ किंवा १५० डॉलरचे शुल्क-अनुदान दिले, काउंटीने त्यात १०० डॉलरची भर घातली. शिवाय अशा शाळांना देणगी देणाऱ्यास मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळे. म्हणजे जी तिजोरी सार्वजनिक शाळांसाठी रिकामी होती, तीच खासगी शाळेसाठी उघडी होती. १९६१ मध्ये संघीय न्यायालयाने, सार्वजनिक शाळा बंद असेपर्यंत काउंटीची ही मदत थांबवली.

मुलांचे हाल : सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुले शाळेला मुकली, काही गरीब गोरी मुलेही. आकड्यांत थोडा फरक आढळतो. चर्चच्या तळघरांत शिकवण्या चालल्या. क्वेकर संस्थेने काहींना परराज्यांतील कुटुंबांत ठेवले, काही नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल कॉलेजात गेली. बरीच कायमची शिक्षणाबाहेर राहिली. कृष्णवर्णीयांसाठी खासगी शाळा काढण्याचा प्रस्ताव कृष्णवर्णीय समाजाने नाकारला. हक्क सार्वजनिक शाळेचा आहे, ही त्यांची भूमिका होती. नकारामागे कोणाचा सल्ला किती, याबाबत मतभेद आहेत. १९६३-६४ मध्ये केनेडी प्रशासनाच्या पाठबळाने, देणग्यांवर चाललेल्या ‘फ्री स्कूल्स’ उघडल्या.

निकाल : ‘ग्रिफिन विरुद्ध काउंटी शालेय मंडळ’ (२५ मे १९६४). रेव्हरंड एल. फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाचा खटला. बंदी घटनाबाह्य ठरली आणि करवसुली करून शाळा चालवण्याचा आदेश काउंटीला देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षी शाळा उघडल्या. गोऱ्यांची बहुतेक मुले अकॅडमीतच राहिली.

नंतर : अकॅडमीने १९८६ मध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश दिला. मोटन शाळेच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे.