माझ्या इतिहासाची साधने

थोर माणसांना चरित्र असते, आमच्यासारख्यांना केवायसी असते. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि एक फोटो, ज्यात आपण नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतो. एवढ्यात आमचा इतिहास आटोपतो. मी बँकेत कारकून. दिवसभर इतरांचे असले इतिहास तपासायचे आणि 'मूळ प्रतीवरून पडताळले' असा शिक्का हाणायचा, हे माझे काम. गेल्या वर्षी गंगा उलटी वाहिली. वरून आमच्याच सर्व्हिस रेकॉर्डची तपासणी निघाली आणि माझ्या फायलीतला शाळा सोडल्याचा दाखला वाळवीने खाल्लेला सापडला. वाळवीही अशी चोखंदळ, की बाकी सगळे शाबूत ठेवून तिने नेमकी जन्मतारीख खाल्ली होती. साहेब म्हणाले, "दुय्यम प्रत आणा, नाहीतर तुम्ही जन्मलात याला पुरावा काय?"

त्यांच्यासमोर चोवीस वर्षे बसणारा माणूस हा पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही.

तर अशा रीतीने मी इतिहाससंशोधनाला बाहेर पडलो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. त्यासाठी त्यांनी गावोगावची दप्तरे पालथी घातली. त्यांचा मुद्दा असा, की बखरीत सन-तारखांचे घोळ फार. भरवसा ठेवायचा तर अस्सल कागदावर. मी पडलो कॉमर्सचा. इतिहासाशी माझा संबंध दहावीत संपला, तोही उभयपक्षी समाधानाने. पण राजवाड्यांचे हे म्हणणे मला पटते. काऊंटरवर आम्ही वेगळे काय करतो? गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचे आणि व्हाउचर सांगेल ते लिहायचे.

माझ्या इतिहासाच्या बखरी दोन. पहिली आईची. हिच्याप्रमाणे मी नवव्या महिन्यात चाललो, दहाव्यात बोललो आणि तिसऱ्या वर्षी अख्खे भीमरूपी म्हटले. दुसरी बखर आजीची. तिच्याप्रमाणे मी दीड वर्षाचा होईपर्यंत अंगणभर कुल्ल्यांवर सरकत होतो आणि घरातला चड्ड्यांचा खर्च हाताबाहेर गेला होता. बोलायचे म्हणाल तर मी पहिला शब्द उच्चारला तो 'नको', आणि तो भीमरूपी म्हणायला सांगितल्यावर. दोन्ही खाती एकाच माणसाची. ताळा मात्र जमत नाही. बँकेत अशी तफावत आम्ही सस्पेन्स अकाऊंटला टाकतो. माझ्या आयुष्याची पहिली पाच वर्षे अजून तिथेच पडून आहेत.

तारखांच्या बाबतीत मात्र आजी पक्की. तिला इंग्रजी महिने ठाऊक नव्हते, पण तिचे स्वतःचे पंचांग होते. पानशेत फुटले ते १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, मग बहात्तरचा दुष्काळ. घरातल्या सगळ्या घटना या खुंट्यांना टांगलेल्या. आई-वडिलांचे लग्न 'दुष्काळानंतर दोन सालांनी'. ताईचा जन्म 'आणीबाणीत'. आणि मी? "गिराण सुटलं नि चौथ्या दिशी ह्यो आला."

हे ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चे. शनिवार होता. खग्रास पट्टा कारवार-हुबळीकडून गेला, आमच्या सातारा जिल्ह्यातून सूर्याची बारीक कोर तेवढी दिसत राहिली. असे लोक सांगतात. आमच्या घरातल्या कुणी ती पाहिली नाही. आईला दिवस भरलेले, म्हणून आजीने तिला जेवण झाल्यापासून माजघरात कोंडलेले. चिरायचे नाही, शिवायचे नाही, हात-पाय दुमडून बसायचे नाही. आईला त्या अंधारात मांडीखाली पाय घ्यायचा मोह झाला असावा, कारण माझ्या डाव्या कानाच्या पाळीला जी घडी आहे ती आजी पाहुण्यांना आयुष्यभर 'ही बघा ग्रहणातली' म्हणून दाखवत असे. ग्रहणानंतर चौथा दिवस म्हणजे २० फेब्रुवारी, बुधवार. आदल्या दिवशी आलो असतो तर वाढदिवसाला शिवजयंतीची सुट्टी मिळाली असती. एका दिवसाने हुकलो. पुढे आयुष्यात जे जे हुकले त्याची ही सुरुवात समजावी.

आता अस्सल कागद. त्याच्याप्रमाणे माझी जन्मतारीख १ जून १९७९.

१ जून म्हटले की मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. आपल्याकडे चैत्राप्रमाणे जूनमध्येही पालवी फुटते, ती माणसांची. मुलगा शाळेत आणला, तारीख माहीत नाही किंवा माहीत असून अडचणीची आहे, की गुरुजी टाक बुडवून लिहीत : एक जून. शाळा जूनमध्ये भरते, त्या दिवशी पोर सहा वर्षांचे असले की सगळे नियमात. आमच्या शाखेत १ जूनला कॉम्प्युटर खातेदारांच्या वाढदिवसांची यादी काढतो तेव्हा वाटते, त्या दिवशी महाराष्ट्रात सुइणींना श्वास घ्यायला फुरसत नसावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्माचा दाखलाच लागणार असा कायदा झालेला आहे. म्हणजे आमची ही जमात आता नामशेष होणार. तिची नोंद कुठेतरी राहावी म्हणून हे लिहिले.

या साडेआठ महिन्यांच्या फरकाचे परिणाम दूरवर गेले आहेत. ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळले. ते आपल्याच कौलांवर येणार म्हणून गावोगाव लोक धास्तावले होते. शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्या वेळी मी चाळीस दिवसांचा पाळण्यातला बाळ होतो. आजीच्या बखरीप्रमाणे मी येणार हे खुद्द आईलाही पुरते ठाऊक नव्हते. एकदा मी २० फेब्रुवारीपासून मागे नऊ महिने मोजत गेलो. जमाखर्चाची सवय, दुसरे काय. तर मे महिन्याची अखेर आली, म्हणजे जवळजवळ १ जूनच. गुरुजींची तारीख एका अर्थी बरोबरच म्हणायची! पण आई-वडिलांच्या बाबतीत असले हिशोब करू नयेत, हे लक्षात येऊन मी पेन्सिल खाली ठेवली.

पुढे आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मी ऐटीत मत दिले. यादीसाठी तेव्हा १ जानेवारीला अठरा पूर्ण लागत. मला खरी अठरा पूर्ण व्हायला फेब्रुवारीची वीस उजाडायची होती. ते सरकार पुढच्या वर्षी लोकसभेत एका मताने पडले तेव्हा काही दिवस मला झोप लागली नाही. आणि शेवटचे म्हणजे निवृत्ती. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला घरी जातो. म्हणजे मी ३१ मे २०३९ ला जाणार. खऱ्या तारखेने २९ फेब्रुवारी २०४० ला गेलो असतो. नऊ महिन्यांचा पगार गेला, शिवाय वर्षही लीप होते.

पण या सगळ्याचे मला कधी दुःख नव्हते, कारण आईची बखर. "ह्याची हुशारी बघून गुरुजी स्वतः घरी आले. म्हणाले, वहिनी, ह्याचं वर्ष फुकट घालवू नका, तारखेचं मी बघतो." या एका वाक्यावर मी चाळीस वर्षे काढली. वर्गात सगळ्यांत बुटका होतो, कारण खरा पाच वर्षांचा होतो. कबड्डीत मला कुणी घेत नसे, कारण तेच. दहावीत मित्रांना मिशा फुटल्या आणि मला अठ्ठावन्न टक्के पडले, त्याचेही कारण तेच. वयाच्या मानाने अठ्ठावन्न म्हणजे अडुसष्टच धरायचे. २००० साली बी. कॉम. झालो आणि नेमकी त्याच सुमाराला सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती काढली. मी दारातून आत शिरतोय आणि समोरून हारतुरे घेतलेले लोक बाहेर येतायत! दोन वर्षे एका खताच्या दुकानात किर्द लिहिली, मग या बँकेत लागलो. बढतीच्या परीक्षेला बसलो नाही. मनात एकच : आपण मुळात एक वर्ष पुढे आहोत, घाई काय?

तर मी दुय्यम प्रतीसाठी शाळेत गेलो. मुख्याध्यापक माझ्यापेक्षा तरुण होते (हल्ली सगळेच असतात). त्यांनी कपाटातून कापडी पाठीचे जनरल रजिस्टर काढले. १७ जून १९८५, सोमवार, माझी नोंद. 'एक जून एकोणीसशे एकोणऐंशी', गुरुजींचे मोत्यासारखे अक्षर. दाखला लिहून होईपर्यंत मी आपला सवयीने मागची पाने चाळत बसलो. तिथे ताईचे नाव निघाले. माझ्यापेक्षा ती चार वर्षांनी मोठी, तेव्हा चौथीत जाणारी. तिच्या ओळीत 'शाळा सोडल्याची तारीख' या रकान्यात १५ जून १९८५. कारण : घरकामास्तव. आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ, बाजूला 'रद्द', खाली सही आणि तारीख. १७ जून १९८५.

खाडाखोडीवरच्या सह्या बघण्यात माझा जन्म गेला आहे. एकाच तारखेच्या, एकाच हातच्या दोन नोंदी दिसल्या की कारकुनाला कुणी सांगावे लागत नाही. तो एकच व्यवहार असतो. एक बाजू नावे, एक बाजू जमा.

ताई शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मधल्या सुट्टीत फोन केला.

"ताई, तुझं नाव काढलं होतं शाळेतून?"

"दोन दिवस. त्यात एक रविवार."

"का?"

"आजी आडावर घसरून पडली होती ना मे महिन्यात, खुबा मोडला होता. दादा मुक्कामाच्या गाडीवर. आईनं आजीचं बघायचं का तुझं? तू एका जागी ठरत होतास होय? दोनदा पाटाच्या कडेवरून धरून आणला होता तुला."

"आणि गुरुजी घरी आले होते ते?"

"आले होते की. आईला म्हणाले, पोरीला काढू नका, पोराला तिच्याबरोबर धाडा. पहिलीची खोली चौथीला लागूनच आहे, ती बघेल. आई म्हणाली, तो सहाचा कुठाय? म्हणाले, ते मी बघतो."

"म्हणजे माझ्या हुशारीचा...?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "अक्षर बरं होतं हं तुझं."

मग बरेच काही बाहेर आले. वर्षभर ती चौथीत खिडकीशी बसली, एक डोळा फळ्यावर आणि एक माझ्यावर. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तिला दुसऱ्या गावच्या शाळेत नेले, तिथेही मी बरोबर. तिचे पेपर चालले असताना मी दाराशी बसून "ताई, चल की" म्हणून हाका मारत होतो. शेवटी तिथल्या कुणी बाईंनी गूळ-शेंगदाणे देऊन माझे तोंड बंद केले.

"मग मिळाली का शिष्यवृत्ती?"

"मिळाली की. त्यातनंच तुझं निळं दप्तर आणलं होतं."

ते निळे दप्तर मला चांगले आठवते. पहिलीत पहिला आलो म्हणून दादांनी बक्षीस आणले होते. निदान आत्तापर्यंतच्या माझ्या इतिहासात तरी तसेच नोंदलेले होते.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? ठेव आता, घंटा झाली."

दाखला मी बँकेत दिला. वाळवीने खाल्लेली तारीख पुन्हा फायलीत बसली, साहेबांचे समाधान झाले. ताईच्या पानाची झेरॉक्सही आणली होती, ती घरी कपाटात आहे.

दिवाळीला सगळे गावी जमलो. आई आता सत्तरीपुढे आहे. फराळाला बसल्यावर माझ्या लेकीने घरातल्या कुणाचे तरी मार्क काढले आणि आईने बखर उघडली. "तुझा बाप लहानपणी एवढा हुशार, की गुरुजी स्वतः घरी आले..." लेकीने माझ्याकडे संशयाने पाहिले. मी चकली मोडत राहिलो.

"खरंच आले होते, आत्या?"

"आले होते," ताई म्हणाली. "मी होते ना तिथं." आणि तिने चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला.