रिकाम्या वेळेचा पट

वेळ कसा घालवावा हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्मास आला, अशी पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींची समजूत दिसते. ती खरी मानावयाची तर नाशिकच्या पांडवलेण्यांतील दगड आधी पुसून टाकावे लागतील. तेथे जाणारा शिलालेख पाहतो, मूर्ती पाहतो. पण पायाखालच्या दगडावर खळग्यांच्या रांगा आणि नवकंकरीचे एकात एक चौकोन खोदलेले आहेत, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे पट लेण्यांइतकेच जुने असतील असे नव्हे. ओट्यावर सावली पडली, सोबती मिळाला, की केव्हाही कोणीही खोदावेत असे ते आहेत.

नवकंकरीची रीत सोपी आहे. तीन चौकोन, चोवीस घरे, दोघांचे नऊ नऊ खडे. आळीपाळीने खडे मांडावयाचे. आपले तीन एका रेघेत आले की दुसऱ्याचा एक उचलावयाचा. सर्व मांडून झाले की रेघेरेघेने सरकवावयाचे. ज्याचे दोनच उरले तो हरला. परंतु ही रीत दगडावर कोरलेली नाही. पट टिकतो आणि खेळ माणसाबरोबर जातो, ही या इतिहासातील खरी अडचण आहे.

रीत लिहून ठेवणारे आपल्याकडे झालेच नाहीत असे मात्र नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राज्यकारभाराइतकीच जागा विनोदांना आणि क्रीडांना आहे. पुढे १८७१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत पंडित हरिकृष्णांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिले. ज्योतिषाच्या पंडिताला सोंगट्यांवर लिहिणे कमीपणाचे वाटले नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली पचिशी विलायतेत जाऊन लुडो झाली. २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘लुडो किंग’ या नावाने ती मोबाइलवर आणली, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पुन्हा पट मांडला गेला. हे सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हॉलंडमधील मास्ट्रिश्ट विद्यापीठाचे काम. कॅमेरॉन ब्राउन यांच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये तेथे जुन्या पटखेळांचा संग्रह आरंभला गेला. ‘लुडी’ नावाच्या त्या संकेतस्थळावरून हजाराहून अधिक खेळ, त्यांच्या रीतींसह, फुकट मिळतात आणि संगणकावर खेळताही येतात. नवकंकरीचे विलायती भावंडही त्यांत आहे. त्याच खेळाचे गणित राल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये झुरिक येथे संगणकाकडून सोडवून घेतले: दोघेही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. (न चुकणारे दोघे आम्ही अजून पाहिलेले नाहीत.)

असा संग्रह करणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे जुने ग्रंथ, उदाहरणार्थ मरे यांचा १९५२ चा. ग्रंथात जे आले ते पडद्यावर येते. मोसमकाठी नामपूरच्या एखाद्या ओसरीत खडूने आखलेल्या पटावरची बोली, खडा उचलताना म्हणावयाचे शब्द, गावागावांतील पोटनियम, हे ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. मोबाइल हाती असलेल्या नातवाने आजीला एकदा पट आखावयास सांगावे, तिच्याशी एक डाव हरावा आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्यावे. तेवढ्याला एक दुपार पुरते.