गवत कापायचं मशीन ढकलायचं कुणी?

पोस्ट थोडी लांब आहे. पण सकाळ-संध्याकाळ सार्वजनिक बागेत फिरायला जाणाऱ्यांनी जरूर वाचावी. विषय साधा आहे: लॉन मोवर, म्हणजे हिरवळीचं गवत कापायचं मशीन.

गवत कापायचं कसं, हा प्रश्न १८३० सालीच सुटला. मशीन ढकलायचं कुणी, हा प्रश्न मात्र आपल्या बागांमध्ये अजून सुटलेला नाही. कसा ते सांगतो.

इंग्लंडमधला स्ट्राउड हा लोकरी कापडाच्या गिरण्यांचा भाग. कापडावरची लव एकसारखी कापायला गिरण्यांमध्ये फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. एडविन बिअर्ड बडिंग नावाच्या तिथल्या कारागिराला त्यावरून सुचलं, की कापडावरची लव कापता येते तर जमिनीवरचं गवत का नाही? तोवर हिरवळ म्हणजे लांब दांड्याचे विळे आणि माणसांची रांग. ३१ ऑगस्ट १८३० ला बडिंगला पेटंट मिळालं. भांडवल आणि फाउंड्री जॉन फेराबीची. लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

या पहिल्या मशीनची चाल बघा. मागे एक जड रूळ. माणसाने ढकललं की रूळ जमिनीवर फिरणार, आणि दात्यांच्या चाकांमधून ती गती पुढच्या पात्यांना मिळणार. म्हणजे पातं फिरवणारी ताकद माणसाच्याच खांद्यातली. सगळं बिडाचं काम, वजन भरपूर. म्हणून पुढच्या बाजूलाही एक मूठ दिलेली होती: एकाने मागून ढकलायचं, दुसऱ्याने पुढून ओढायचं.

पुढची पन्नास-साठ वर्षं सगळी खटपट या खांद्यावरचा भार कमी करायची. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सने तट्टू जोडायचं मशीन आणलं. खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून तट्टांना चामड्याचे बूट घालायचे! १८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीनने गिअरऐवजी साखळी वापरली, तेव्हा आवाज कमी झाला. १८९३ मध्ये लेलँड गावच्या जेम्स समनरने वाफेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याचाच धंदा वाढत पुढे लेलँड मोटर्स झाला. आपल्या अशोक लेलँडच्या नावातलं लेलँड ते हेच. मग १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोल इंजिनचं मशीन बाजारात आणलं.

इथे चाल उलटी झाली. आधी चाकांकडून पात्यांकडे जाणारी ताकद आता इंजिनातून निघते आणि दोन वाटा धरते: एक पात्याकडे, एक चाकांकडे. माणसाने फक्त दिशा द्यायची. "सेल्फ प्रोपेल्ड" म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडे या. गेली काही वर्षं मी शहरातल्या बागांवर लिहितोय. एका बागेत असंच मशीन आहे. रजिस्टरला नोंद "चालू". इंजिन सुरू होतं, पातं फिरतं, म्हणून चालूच म्हणायचं. पण चाकांची ड्राइव्ह गेलेली. माळीदादा तीस-पस्तीस किलोचं धूड भर उन्हात ढकलत असतात. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, नवीन येणार आहे म्हणतात. दोन पावसाळे झाले ऐकतोय."

बिघाड असतो केवढा? पेट्रोलच्या साध्या मशीनमध्ये इंजिनाखालच्या पुलीवरून एक बेल्ट चाकांच्या गिअरबॉक्सकडे जातो. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ताणली जाते, ड्राइव्ह लागते आणि मशीन चालू लागतं. बहुतेक वेळा बिघाड तीनच ठिकाणी सापडतो. केबल सैल पडते. तिचा स्क्रू फिरवून ताण देता येतो. बेल्ट झिजून गुळगुळीत होतो, किंवा ओलं गवत साचून घसरतो. नाहीतर चाकाच्या आतले प्लास्टिकचे दाते झिजतात. अनेक मशीनमध्ये आसाच्या टोकाला छोटा गिअर आणि त्यात एक बारीक चावी असते. डाव्या-उजव्या गिअरची अदलाबदल झाली तर सगळं नवीन घालूनही मशीन पुढे सरकत नाही. हात घालण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची आणि मशीन आडवं करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवायचा, एवढं पथ्य. कुठलाही बरा दुचाकी मेकॅनिक हे करू शकतो.

मग होत का नाही? कारण नवीन मशीन भांडवली खर्चात बसतं, त्याचा फोटो निघतो. बेल्ट हा किरकोळ खर्च, त्यासाठी सही करायला कुणी तयार नसतं. आणि मशीन घेतानाच सुटे भाग मिळतील का, हे कुणी विचारलेलं नसतं.

हा प्रश्न आता जगभर कायद्यापर्यंत गेलाय. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांच्या कंपन्यांवर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती देण्याचं बंधन आलं. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये "दुरुस्तीचा हक्क" या विषयावर समिती नेमली, शेतीची अवजारंही त्यात आहेत. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू झालं. दिशा ठीक आहे. पण बागेतल्या माणसापर्यंत ती आपोआप पोचणार नाही.

म्हणून तीन साध्या मागण्या. एक, मशीन खरेदीच्या निविदेतच बेल्ट, केबल आणि चाकांचे गिअर किमान पाच वर्षं पुरवण्याची अट घाला. दोन, बेल्टचा नंबर मशीनवरच रंगवून ठेवा आणि एक जादा बेल्ट स्टोअरमध्ये ठेवा. तीन, रजिस्टरला "चालू/बंद" एवढंच न लिहिता "ड्राइव्ह चालू आहे का" हा वेगळा रकाना करा.

जाता जाता एक गोष्ट. कमी-जास्त होणारा स्क्रू पाना बनवणाऱ्या सुरुवातीच्या कारागिरांमध्येही बडिंगचं नाव घेतात. ज्याने मशीन दिलं त्याने ते खोलायचं हत्यारही दिलं. पाना आपल्याकडे आहे, हात आहेत. अडलंय ते शंभर-दोनशेच्या किंवा फार तर हजाराच्या सुट्या भागाच्या मंजुरीवर.

तुमच्या भागातल्या बागेत मशीन स्वतः चालतं की माणूस ढकलतो? बागेचं नाव आणि परिस्थिती कॉमेंटमध्ये लिहा. माळीदादांचं नाव किंवा फोटो टाकू नका, त्रास त्यांनाच होतो. यादी झाली की एकत्र निवेदन देऊ.