जोडे, पगडी आणि कचेरी

महाराष्ट्र सरकारने ८ डिसेंबर २०२० रोजी एक परिपत्रक काढले. मंत्रालयात आणि इतर सरकारी कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट, स्लिपर नकोत; शुक्रवारी शक्यतो खादी वापरावी, असे त्यात होते. कुणी म्हणाले, शिस्त हवीच. कुणी म्हणाले, काम बघा, कपडे काय बघता? पण हा वाद जीन्सपेक्षा पुष्कळ जुना आहे. इंग्रजी अमलात तो पायातल्या जोड्यांवरून रंगला होता.

घरात, देवळात, मशिदीत शिरताना आपण जोडे बाहेर काढतो. डोके मात्र झाकलेले असावे, अशी जुनी रीत. पागोटे उतरवणे म्हणजे अब्रू उतरवणे. इंग्रजांची रीत नेमकी उलटी. आत आल्यावर हॅट काढायची, बूट पायातच ठेवायचे. दोन्ही रीती आदराच्याच. पण एकाच कचेरीत त्या समोरासमोर आल्या, तेव्हा कोणी काय काढायचे हे राज्यकर्ता ठरवू लागला.

१८३० मध्ये कंपनीने आपल्या युरोपीय अधिकाऱ्यांना सरकारी समारंभांत हिंदी पोशाख करायला मनाई केली. हिंदी माणसाने मात्र साहेबासमोर त्याच्या स्वतःच्या रिवाजाप्रमाणे जोडे काढावेत, असा आग्रह होता. डलहौसीच्या काळात हा नियम आणखी कडक झाला. सूट होती ती फक्त युरोपीय पोशाख करणाऱ्यांना.

१८६२ मध्ये सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला. ते तिथे असेसर, म्हणजे न्यायाधीशाला खटल्यात सल्ला देणारे होते. न्यायाधीश म्हणाले, वरिष्ठांना मान देण्याची हीच तुमची पद्धत आहे. माणेकजी बधले नाहीत. त्यांना अदालतीत येऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरकडे तक्रार केली. पुढे वाद पेटला. लोकांचे म्हणणे साधे होते. घरात आणि देवळात जोडे काढतो ते रस्त्याची घाण आत येऊ नये म्हणून, आणि चामड्याचा विटाळ मानतात म्हणून. कचेरी हे काही घर नव्हे, देऊळही नव्हे.

जोड्यांचे झाले तेच पुढे पगडीचे. १८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पोहोचले. दोन-तीन दिवसांत दादा अब्दुल्ला शेठ त्यांना कोर्ट दाखवायला घेऊन गेले. मॅजिस्ट्रेटने पगडी काढायला सांगितली. गांधींनी नकार दिला आणि ते बाहेर पडले. तिथला दंडक असा, की मुसलमानी पोशाखातल्या माणसाने पगडी ठेवली तरी चाले; बाकीच्या हिंदी लोकांनी ती काढायची. गांधींच्या मनात आले, त्यापेक्षा इंग्रजी हॅटच घालावी. अब्दुल्ला शेठनी समजावले, पगडीच तुम्हाला शोभते, हॅट घातलीत तर लोक तुम्हाला वेटर समजतील.

पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात गांधींनी वकिलीची शपथ घेतली. मुख्य न्यायाधीशांनी सांगितले, इथे वकिली करणाऱ्याने वकिलांच्या पोशाखाचा नियम पाळायला हवा. या वेळी गांधींनी पगडी उतरवली. शेठना ते आवडले नाही. गांधींना मात्र आपली ताकद मोठ्या लढ्यांसाठी राखायची होती.

मला या दोन प्रसंगांतला फरक मोलाचा वाटतो. पहिला नियम माणूस कोण आहे हे पाहून बदलत होता. दुसरा कामाचा होता, त्या न्यायालयात वकिली करणाऱ्या प्रत्येकाला लागू होता. सुरतेचा नियम पहिल्या जातीचा.

कामाचा नियम काम बदलले की बदलताही येतो. आपल्या वकिलांचा काळा कोट हा इंग्रजी वारसा. सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात त्याची सक्ती नाही. करोनाकाळात, १३ मे २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य सुनावणीसाठी कोट आणि गाउन दोन्ही माफ केले. पांढरा सदरा, पांढरी साडी किंवा पांढरा सलवार-कमीज आणि गळ्याला पांढरा बँड एवढे पुरे झाले. खटले चालले, निकालही लागले.

तेव्हा कार्यालयात पोशाखाचा नवा नियम लागला, तर जीन्स की पँट यावर भांडण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा नियम कामासाठी आहे का? आणि तो करणारा साहेब स्वतः तो पाळणार आहे का? माणेकजींनी जोडे काढले असते, तरी समोरच्या न्यायाधीशाचे बूट पायातच राहिले असते.